सोमाजीची नस

१

डिसेक्शन हॉलचं कुलूप काढताना निशातला रोज राग येई. कुलूप गंजलं होतं, नवं मागून वर्ष उलटलं होतं, आणि विभागप्रमुख गोवारदिपे सरांच्या केबिनला मात्र दिवाळीत दुसरा एसी बसला होता. चंद्रपूरचं ऊन मार्चमध्येच माणसाला भाजून काढतं, मान्य. पण हॉलमधले निम्मे पंखे बंद आणि एकट्या माणसाला दोन एसी, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं. ती मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवायची आणि बहुतेक वेळा रागातच शिकवायची. मुलं आपल्याला मागून 'मिर्ची मॅडम' म्हणतात हे तिला ठाऊक होतं. तिला त्यात काही वावगंही वाटत नसे.

हॉलमध्ये पाच टेबलं होती. पाचही टेबलांवर पुरुष होते आणि पाचही बेवारस. कुणी बसस्टँडवर पडलेला सापडला, कुणी पुलाखाली. पोलिसांनी वाट बघायची, कुणी आलं नाही तर देह कॉलेजला द्यायचा, अशी रीत. बाहेरची, औष्णिक वीज केंद्राची करडी राख खिडक्यांच्या कठड्यांवर रोज साचायची आणि शिपाई लटारू ती रोज ओल्या फडक्याने पुसायचा.

त्या बुधवारी लटारूने फडकं हातात घेतलेलं नव्हतं. तो दाराशी तिचीच वाट बघत होता.

"म्याडम, थे बाई आजबी आली," तो म्हणाला. "सरनं हाकलाले सांगतलं होतं. मी नाई हाकललं."

व्हरांड्याच्या टोकाला एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोमवारपासून ती रोज येऊन बसत होती आणि निशातला ही गोष्ट कुणी कळवलीसुद्धा नव्हती. निशातने लटारूला फैलावर घेतलं, मग त्यालाच चहा आणायला पिटाळलं आणि स्वतः त्या बाईशेजारी फरशीवर बसली.

२

बाईचं नाव कमळा. जिवतीच्या डोंगरावरच्या गावात तिची कोरडवाहू शेती होती. नवरा सोमाजी पोट दुखतं म्हणून एकटाच चंद्रपूरला आला आणि परत गेलाच नाही. तिने तिकडच्या ठाण्यात तक्रार दिली. इकडच्या ठाण्यात एका अनोळखी माणसाचा मृत्यू नोंदला गेला. दोन्ही ठाण्यांनी एकमेकांना एक फोन करायचा, तर तेवढं काही कुणाच्या हातून झालं नाही. पार हिवाळा सरल्यावर कुणीतरी तिला कपड्यांचा फोटो दाखवला. सदऱ्याच्या खांद्याला तिने स्वतः लावलेलं ठिगळ होतं. मग कळलं की तो माणूस कॉलेजला दिला.

तेव्हापासून गाव तिला विचारत होतं, अजून कपाळाला का लावतेस. ना सुतक धरलं होतं, ना दहावा केला होता. पोरीचं लग्न ठरत होतं ते थांबलं होतं. नवऱ्याला घरी न्यायचं आणि आपल्या वावरात आग द्यायची, याउपर तिचं काही मागणं नव्हतं.

गोवारदिपे सरांनी तिला सांगितलं होतं की ओळख पटल्याशिवाय देह देता येत नाही. हे ऐकून निशातच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ओळख कुणी पुसली ते तिला माहीत होतं. देह जतन करायच्या फॉर्मलिनच्या टाकीतून काढताना प्रत्येकाच्या मनगटाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला होता. पण बिल्ल्याच्या कडेने हातमोजे फाटतात म्हणून सरांनी ते उतरवायला सांगितले. टेबल नंबर हाच बॉडीचा नंबर, असं ते वर हसून म्हणाले. कोणता बिल्ला कोणत्या टेबलाचा हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि पाचही बिल्ले आता टाकीजवळच्या एकाच खिळ्याला एकत्र लटकत होते. बरं, चेहरा पाहून ओळखावं, तर दाताच्या कॉलेजची तुकडीही याच हॉलमध्ये शिकायला यायची, त्यांच्यासाठी चेहरे आधीच सोलून झाले होते. हातपाय जानेवारीतच झाले होते. पाचहीजण साधारण एका वयाचे, एका उंचीचे, उन्हात राबलेले. फॉर्मलिनने सगळ्यांचा रंग एकच करून टाकला होता. नागपूरला डीएनए तपासणीला पाठवा म्हटलं, तर फॉर्मलिनमधल्या देहाचं काही खरं नाही, महिने लागतील, असं उत्तर आलं होतं. महिन्याभरात तर पोटातले अवयव काढून बरण्यांत जाणार होते.

"माह्यापाशी एक चीज हाय," कमळा म्हणाली, आणि तिने पिशवीतून मोठं पाकीट काढलं. "दोन सालाआंधी नागपूरले त्याहीच्या पोटाचा फोटो काढला होता. थ्या डॉक्टरनं सांगतलं, तुह्या पोटातली नस उलटी हाय. कधी आपरेशन कराचं झालं तर हा फोटो पह्यले दाखवजो. गावात सगळ्याहीले सांगत फिरे, मी काही सादा मानूस नोहो म्हने."

निशातने सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

३

पाठीच्या कण्याला चिकटून मोठी धमनी खाली उतरते. पोटात शिरल्या शिरल्या तिला पुढून एक आखूड, जाड फाटा फुटतो आणि त्याच्या तीन फांद्या होतात: एक जठराला, एक पानथरीला म्हणजे प्लीहेला, एक यकृताला. त्याच्याखाली बोटभर अंतरावर दुसरा फाटा निघतो, तो आतड्यांचा. पुस्तकात असं आहे आणि बहुतेक माणसांतही असंच असतं. काहींच्या बाबतीत यकृताची फांदी वरच्या फाट्यातून न येता खालच्यातून येते. पन्नास-साठ जणांमागे एखाद्याचं असं असतं, त्याला काही होत नाही, त्याला ते मरेपर्यंत कळतही नाही.

सोमाजीची नस खालून येत होतीच. पण वर चढण्याआधी तिने स्वतःभोवती एक पुरता वेढा घेतला होता. लोट्याच्या गळ्याला दोरीचा फास टाकावा तसा. निशातने इतक्या वर्षांत असा वेढा हॉलमध्ये पाहिला नव्हता, पुस्तकातही नाही.

तिला इतका आनंद झाला की ती तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसली. माणसाचा चेहरा गेला, हात गेले, पण ही खूण कुणाच्या बापाला पुसता येणार नव्हती. सरांनी फिल्म उलटी धरून पाहिली, मग सुलटी. जुळली तर घेऊन जाऊ दे, म्हणाले, पण शुक्रवारपर्यंत, कारण पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या तपासणीला माणसं येणार आहेत आणि व्हरांड्यात रडारड नको. त्या 'रडारड' शब्दासाठी निशातने त्यांना पुढचे दोन दिवस मनात धारेवर धरलं.

पहिल्या टेबलावरच्या माणसाचं पोट तिने सोमवारीच मुलांना शिकवलं होतं. त्याची तीन फांद्यांची साधी रचना होती, म्हणजे तो बाद. तिसऱ्या टेबलाची तुकडी बरीच पुढे गेली होती, म्हणून तिने ते आधी घेतलं. जठर वर उचललं, चरबी चिमट्याने सोडवत गेली, आणि दुपारच्या सुट्टीआधी तिला वेढा सापडला. फिल्ममध्ये होता तसाच.

ती व्हरांड्यात गेली आणि कमळाला म्हणाली, सापडले. कमळाने हॉलच्या उंबऱ्यावर डोकं ठेवलं. निशातच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला.

४

गुरुवारी सकाळी दुसऱ्या टेबलावर काम करणारी पुनम नावाची मुलगी तिला बोलवायला आली. हुशार मुलगी, उगाच गडबड करणारी नव्हती. तिचं म्हणणं एवढंच की मॅडमनी काल दाखवलेला वेढा आमच्याही बॉडीत आहे.

निशातने तिला आधी झापलं. धमनी आणि शीर यांत गोंधळ करू नका म्हणून चार शब्द सुनावले. मग वाकून पाहिलं. खालच्या फाट्यातून निघालेली नस, शिरेच्या मागून, आणि मग वेढा. तिने फिल्म आणून शेजारी धरली. फरक काढायचा म्हटला तरी काढता येत नव्हता.

योगायोग असू शकतो, तिने स्वतःला सांगितलं. एकाच भागातली माणसं, कुठेतरी दूरचं नातं असेल, नसांची ठेवण घराण्यात उतरत असेल. हे सगळं पुनमला समजावता समजावता तिने चौथं टेबल उघडायला घेतलं. हात भराभर चालत होते, नको तितके भराभर. चौथ्यातही वेढा निघाला.

तेवढ्यात वीज गेली. एक्झॉस्ट पंख्याची खडखड थांबली आणि हॉलमध्ये एवढी शांतता झाली की टेबलाखालच्या पन्हळीतून बादलीत पडणारं ठिबकणं ऐकू येऊ लागलं. त्या ठिबकण्याच्या मध्येच आणखी एक बारीक आवाज होता, ओल्या फडक्यातून बोट ओढल्यासारखा, सावकाश. तो पहिल्या टेबलाकडून येत होता. पन्हळ तुंबली असेल, निशातने ठरवलं. लटारूला हाक मारली, तर तो पाण्याच्या टाकीवर गेलेला.

मग ती स्वतःच गेली आणि तिने पहिल्या टेबलावरची चादर काढली. सोमवारी तिने याच पोटात बोट घालून तीन फांद्या दाखवल्या होत्या. भिंतीवरच्या फळ्यावर मुलांनी खडूने काढलेलं चित्र अजून तसंच होतं, फाटा आणि त्याच्या तीन फांद्या. खाली पोटात मात्र यकृताची नस खालून येत होती आणि एक वेढा घेऊन वर जात होती.

मुलं समोरचं पोट सोडून पुस्तकातलं चित्र फळ्यावर काढतात, हे ती दरवर्षी बघत आली होती. यंदाही तसंच झालं असेल. पण मग सोमवारी तिने स्वतः काय पाहिलं होतं? शिकवून शिकवून आपलेही डोळे पुस्तकाचे झाले असतील का? तिने हातमोज्याचं बोट वेढ्यावर ठेवलं. मेलेल्या माणसाची नस चपटी लागते, वाळल्या वेलीसारखी. ही टणक होती. आत काहीतरी भरून असल्यासारखी टणक.

पुनमला आणि बाकी मुलांना तिने आजचा तास संपला म्हणून सांगितलं.

५

गोवारदिपे सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत रेलून तिला विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना. मग म्हणाले, वेढ्यांचं कौतुक तू पेपर लिहिताना कर, मला गुंता नको.

"चार जुळतात ना? मग चारांतली कोणतीही एक दे तिला," ते म्हणाले. "तिले काय समजते? विषय संपव."

निशातने टेबलावर दोन्ही हात आपटले. पेनदाणी उडाली. कोणतीही एक म्हणजे काय, तिने विचारलं, माणूस आहे की भाजीची जुडी? बिल्ले कुणी उतरवले, चेहरे कुणी आधी सोलायला दिले, आता कोणतीही एक? सर शांतपणे पेनं गोळा करत राहिले. त्यांनी एवढंच म्हटलं की उद्या संध्याकाळी फाइल बंद होईल, देऊन किंवा न देऊन, आणि ते तुझ्यावर आहे.

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. आणि तिच्या लक्षात आलं की इतकं ओरडून झालं तरी उद्या तिला तेच करावं लागणार होतं. चार-पाचांतून एक निवडायचा. फरक एवढाच की सरांना कोणताही चालत होता आणि तिला खरा हवा होता.

पाचवं टेबल अजून उघडायचं होतं. खिडकीखालचं, कोपऱ्यातलं. तिथेही वेढाच निघणार, असं ती धरूनच चालली होती.

६

खूण आणखी काहींत दिसते आहे, पुन्हा बघावं लागेल, एवढं निशातने कमळाला सांगितलं होतं. शुक्रवारी कमळाने हट्ट धरला की पाहिल्याबिगर नेणार नाही. तिचा दीर गोपाल गाडी घेऊन आला होता, तो म्हणत होता वहिनी, नको पाहू. ती ऐकेना. निशातने पाचही देह पांढऱ्या चादरींनी झाकले, फक्त पोटाशी वीतभर जागा उघडी ठेवली, आणि तिला आत घेतलं. गोपाल दारातच थांबला.

कमळा टेबलांमधून सावकाश चालत गेली. कुठे थांबली नाही, रडली नाही. पार कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे तिला वासाने घेरी आल्यासारखं झालं असावं, तिने पाचव्या टेबलाची कड धरली. लटारूने स्टूल आणून दिलं. ती तिथेच बसून राहिली, पदराने नाक झाकून, दुसरा हात कडेवर.

"बाकीच्याहीले पाहाले कोनी नाई आलं काय?" तिने विचारलं.

निशातने नाही म्हटलं.

"मंग घरी त्याहीलेबी जावंसं वाटतच असन ना."

निशातने पाचव्या पोटावर वाकून काम सुरू केलं. चरबी सोडवली, शीर बाजूला घेतली. खिडकीतून लख्ख उजेड पडत होता, चूक व्हायला जागा नव्हती. वरचा फाटा, त्याच्या तीन फांद्या. जठराची, पानथरीची, यकृताची. खालच्या फाट्यातून यकृताकडे काहीच जात नव्हतं. वेढा नव्हता. अगदी पुस्तकातलं पोट. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हायसं वाटलं, कारण निदान एक तरी जागेवर होता, निदान एक तरी बाद झाला.

कमळा अजून कड धरूनच होती. "हे असन काय?" तिने अगदी हळू विचारलं.

"नाई कमळाबाई. याची नस सरळ आहे." निशातने तिला फिल्म दाखवली, मग पोटात बोटाने दाखवलं. "तुमच्या माणसाच्या नसेला वेढा आहे. हा तो नाही."

"नाई ना?"

"नाही."

कमळाने कडेवरचा हात काढून घेतला.

मग निशातने उरलेल्या चौघांपाशी फिल्म पुन्हा पुन्हा धरून पाहिली. वेढ्याची रुंदी, त्याचा कल, यकृताकडे वळण्याची जागा. तिसऱ्या टेबलाचा वेढा किंचित डावीकडे झुकला होता आणि फिल्ममधलाही झुकला होता. बाकीचे तीन अगदी तसेच होते, पण अगदी तसेच म्हणजे केसभर कमी. तिने मनाशी ठरवलं. ठरवताना ती पूर्ण शुद्धीवर होती, रागात होती, आणि आपण त्या सरांसारखं करत नाही याची तिला खात्री होती.

तिसऱ्या टेबलावरच्या माणसाचं सगळं, कापलेलं आणि न कापलेलं, तिने आणि लटारूने मिळून गोळा केलं. पांढऱ्या कापडात बांधून वर नवं धोतर गुंडाळलं. सही तिने केली. सर केबिनमधून बाहेरही आले नाहीत.

गाडीत बसण्याआधी कमळा तिच्या पाया पडू लागली. निशातने तिला मध्येच धरलं आणि जरा जोरातच म्हणाली की पाया पडायचं काम नाही, हे तुम्हाला फार आधी मिळायला हवं होतं.

७

गाडी गेल्यावर निशातने पोटभर जेवण केलं, कितीतरी दिवसांनी. दुपारचा तास घेतला. संध्याकाळी हॉल बंद करण्याआधी चादरी नीट आहेत ना हे पाहायला आत गेली. लटारू तिसरं टेबल धूत होता. सरांनी मोटारीतून जाता जाता त्याला सांगितलं होतं की टेबल लवकर रिकामं कर, नवी बॉडी येते आहे. निशातने याही गोष्टीवर एक शिवी खर्च केली.

पहिल्या टेबलावरची चादर सरकली होती, ती ओढून घेताना तिचं लक्ष पोटात गेलं. तीन फांद्या. यकृताची नस वरच्या फाट्यातून, मुकाट, सरळ जात होती.

ती दुसऱ्याकडे गेली. तीन फांद्या. चौथ्याकडे गेली. तीन फांद्या, चपट्या, वाळल्या वेलीसारख्या.

लटारूने तिच्याकडे बघितलं आणि पाण्याचा पाइप बंद केला. काऊन म्याडम, त्याने विचारलं. तिच्या डोक्यात दोन दिवसांचा राग होता तो एकाएकी कुठे गेला तेच कळेना, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला ती नाव देऊ शकली नसती. घरी त्याहीलेबी जावंसं वाटतच असन, असं कमळा म्हणाली होती. तिला पाचव्या टेबलापाशी जायचं नव्हतं. चादर उचलायच्या आधीच तिला कळलं होतं.

खिडकीतला उजेड तांबडा झाला होता, पण दिसायला पुरेसा होता. यकृताची नस खालच्या फाट्यातून येत होती. शिरेच्या मागून. मग डावीकडे किंचित झुकून तिने एक वेढा घेतला होता. सकाळी जिथे निशातने स्वतःच्या चिमट्याने चरबी सोडवून रिकामी जागा पाहिली होती, बरोब्बर तिथे.

ती ओरडली. काय ओरडली ते लटारूला समजलं नाही, तिला पण नाही. मग तिने फोन काढला.

८

गोपालचा फोन लागेना. गडचांदूरच्या पुढे डोंगर सुरू झाला की रेंज कुठे असते आणि कुठे नसते. ती लावत राहिली. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. वाटेत टायर पंक्चर झाला असेल, पोलिसांनी अडवलं असेल, लाकडं ओली निघाली असतील. देवा, काहीतरी अडलेलं असू दे. गोवारदिपे सरांना तिने मोठ्याने शिव्या दिल्या, त्या खिळ्याला दिल्या, त्या दोन्ही ठाण्यांना दिल्या, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत वाईट, स्वतःला. बाई पाचव्याच टेबलाची कड धरून बसली होती. बाईने विचारलं होतं.

फोन लागला तेव्हा ती पाचव्या टेबलापाशीच उभी होती.

गोपाल म्हणाला की सारं बरोबर झालं, उजेड असता पोचलो, सारं गाव वावरात आलं. बोलता बोलता त्याच्या मागून आवाज येत होता. लाकडं तडतडत होती. मोठा जाळ असावा.

"वहिनीले बोलाचं हाय म्हनते," तो म्हणाला.

कमळाचा आवाज पहिल्यांदा मोकळा वाटला. पोरीने आपल्या हाताने आग दिली, असं ती सांगत होती. बांगड्या फोडल्या. आता रडून घेतलं की बरं वाटेल, म्हणत होती. मग ती थांबली.

"म्याडम, एक इचारतो. थेच होते ना?"

निशातचा हात पाचव्या माणसाच्या पोटात होता. केव्हा गेला ते तिला आठवत नव्हतं. हातमोजा नव्हता. बोटाखाली तो वेढा होता, भरलेला, टणक, आणि त्याला किंचित ऊब होती. खरं बोलावं तर त्या बाईच्या हातून तिचा माणूस आणखी एकदा काढून घ्यायचा होता, आणि पोरीने परक्या माणसाला आग दिली हेही सांगायचं होतं. नाही तर हा इथेच राहणार होता. महिन्याभरात यकृत बरणीत, मग आतडी, मग हाडं पेटीत.

फोनमध्ये लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"हो कमळाबाई," निशात म्हणाली. "तेच होते."

पलीकडे कमळाने मोठा श्वास सोडला.

आणि निशातच्या बोटाखाली वेढा ढिला पडला. आधी अगदी थोडा. मग ओल्या फडक्यातून बोट ओढावं तसा बारीक आवाज करत तो उलगडत गेला, सावकाश, जराही ओढ न देता. पुन्हा लागावा म्हणून ती बोट दाबत राहिली. तिने त्याला नावाने हाक मारली, सोमाजीभाऊ, सोमाजीभाऊ. लटारू दारातून बघत होता आणि फोनवर कमळा विचारत होती की म्याडम, काय म्हणून राह्यल्या.

खाली पोटात तीन फांद्या होत्या. कुणाच्याही असू शकल्या असत्या.